डकोटाचा जनक डोनाल्ड डग्लस

कळमना हे नागपूरच्या ईशान्येकडील जुने गाव. आता ते शहरातच सामावून गेले आहे, आणि तेथील धान्याचा, मिरचीचा व संत्र्यांचा बाजार साऱ्या विदर्भास ठाऊक आहे. परंतु १९४९ साली तेथे रात्री सर्वत्र सामसूम होत असे. त्या वर्षापासून मध्यरात्रीच्या सुमारास पूर्वेच्या आकाशात एक दिवा लुकलुकताना दिसू लागला. तो कलकत्त्याहून येणाऱ्या विमानाचा दिवा होता. त्याच सुमारास मुंबई, दिल्ली आणि मद्रास येथून निघालेली विमानेही नागपुराकडे येत. सोनेगावच्या विमानतळावर ही चार विमाने एकत्र जमत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई, आणि तासा-दोन तासांत चारही विमाने चार दिशांना परत जात. मुंबईत संध्याकाळी पेटीत पडलेले पत्र दुसऱ्या दिवशी सकाळी कलकत्त्यास पोहोचे. सगळा देश झोपलेला असताना देशाचे टपाल नागपुरात जागे असे.

ही विमाने ‘डकोटा’ जातीची होती. लठ्ठ पोटाचे, दोन इंजिनांचे, जमिनीवर उभे असता शेपूट टेकून नाक वर करून बसणारे असे हे विमान होते. ते दिसायला मोठे देखणे नव्हते. पण जगात त्याच्या तोडीचे विश्वासू विमान दुसरे झाले नाही, असे जुने वैमानिक मानीत आले आहेत. हे विमान ज्याच्या कारखान्यात जन्मास आले, त्या डोनाल्ड डग्लसचे हे चरित्र आहे.

डोनाल्ड विल्स डग्लस याचा जन्म ६ एप्रिल १८९२ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागात झाला. त्याचे वडील एका बँकेत नोकरीस होते. घरची स्थिती सुखाची होती. मुलाने नौदलात जाऊन अधिकारी व्हावे असे सर्वांस वाटे, आणि डोनाल्डलाही समुद्राची ओढ होती. ही ओढ त्याची अखेरपर्यंत टिकली. मात्र सोळा-सतरा वर्षांचा असताना त्याने एक असे दृश्य पाहिले, की त्याचे मन समुद्रावरून उडून आकाशात गेले. व्हर्जिनिया प्रांतातील फोर्ट मायर येथे ऑर्व्हिल राइट आपले विमान लष्करी अधिकाऱ्यांस उडवून दाखवीत होता. डोनाल्डने आईच्या मागे लागून तो प्रयोग पाहिला. लाकडाच्या काठ्या आणि कापड यांचे ते यंत्र माणसास घेऊन हवेत घिरट्या घालीत असलेले पाहून तो मुलगा भारून गेला.

पुढे १९०९ साली तो ॲनापोलिस येथील नौदलाच्या विद्यालयात दाखल झाला खरा, परंतु अभ्यासाच्या खोलीत तो विमानांच्या लहान लहान प्रतिकृती करीत बसे. रबराच्या पिळाने उडणारी ही विमाने विद्यालयाच्या आवारात भिरभिरत. वरिष्ठांस त्यांचे कौतुक होते असे म्हणवत नाही! तीन वर्षांनी डग्लसने नौदलाचा मार्ग सोडला आणि मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्येच्या प्रख्यात संस्थेत प्रवेश घेतला. चार वर्षांचा यंत्रविद्येचा अभ्यासक्रम त्याने दोनच वर्षांत पुरा केला आणि १९१४ साली तो पदवीधर झाला. त्या संस्थेत तेव्हा विमानविद्येचे शिक्षण नुकतेच सुरू होत होते. तेथे वाऱ्याचा बोगदा उभारण्याच्या कामी डग्लसने मदत केली. वाऱ्याचा बोगदा म्हणजे एक लांब पोकळ नळ. त्याच्या एका टोकाकडून मोठ्या पंख्याने जोराचा वारा सोडतात आणि मध्ये विमानाची लहान प्रतिकृती टांगतात. वारा प्रतिकृतीस किती उचलतो आणि किती मागे ओढतो, हे काट्यावर मोजता येते. खरे विमान बांधून माणसाचा जीव धोक्यात घालण्यापूर्वी आपली चूक कागदावर व बोगद्यात शोधावी, ही सवय त्याला येथे लागली.

वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी तो ग्लेन मार्टिन नावाच्या विमान-कारखानदाराचा मुख्य अभियंता झाला. तेथे त्याने मोठे बाँबफेकी विमान तयार केले व नाव मिळविले. पगार चांगला होता, मान होता. तरीही १९२० साली त्याने नोकरी सोडली आणि थोड्याशा शिलकीवर पत्नी व लहान मुलांसह कॅलिफोर्नियाची वाट धरली. लॉस एंजलिस शहरात एका न्हाव्याच्या दुकानामागील खोली त्याने भाड्याने घेतली. तीच त्याची कचेरी. आराखडे काढण्याचे फळे तेथेच मांडलेले असत.

डेव्हिड डेव्हिस नावाचा एक धनिक त्याच्याकडे आला. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत कोठेही न उतरता उडत जाण्याची त्याला हौस होती. त्याने चाळीस हजार डॉलर दिले आणि त्यातून ‘क्लाउडस्टर’ हे विमान १९२१ साली आकाशात गेले. स्वतःच्या वजनाहून अधिक भार उचलणारे हे पहिलेच विमान मानले जाते. पण समुद्रापासून समुद्रापर्यंतचे ते उड्डाण पुरे झाले नाही. टेक्सास प्रांतात इंजिन बिघडले आणि खाली उतरावे लागले. डेव्हिसची हौस तेथेच फिटली व तो निघून गेला.

आता डग्लसजवळ पैसा नव्हता, गिऱ्हाईक नव्हते. होते एकच, ते म्हणजे क्लाउडस्टरचे आराखडे. येथे त्याच्या स्वभावाचा जो विशेष दिसून आला, तोच पुढे त्याच्या सर्व आयुष्यात दिसतो. त्याने नवे काही शोधण्याचा अट्टहास केला नाही. क्लाउडस्टर चांगले उडते हे सिद्ध झाले होते. तेव्हा त्याच नमुन्यात फेरफार करून त्याने नौदलासाठी पाणतीर वाहणारे विमान तयार केले. नौदलाने ते पसंत केले. कर्जाला जामीन राहण्यासाठी त्याला शहरातील दहा व्यापाऱ्यांच्या दारी जावे लागले, पण कारखाना सुरू झाला. लवकरच तो सांता मोनिका गावी चित्रपटाच्या एका ओसाड पडलेल्या कलागृहात हलविण्यात आला.

१९२३ साली अमेरिकेच्या लष्कराने विमानाने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याचा घाट घातला. असे विमान कोण करून देणार? डग्लसने पुन्हा तेच केले. नौदलाच्या विमानातील पाणतीराची जागा काढून टाकली आणि तेथे व पंखांत इंधनाच्या टाक्या बसविल्या. मूळ विमानात ११५ गॅलन इंधन मावत असे, नव्यात ६४४ गॅलन मावू लागले. हे सर्व काम दीड महिन्यात झाले. ६ एप्रिल १९२४ रोजी, म्हणजे योगायोगाने डग्लसच्या बत्तिसाव्या वाढदिवशी, चार विमाने सिॲटलहून निघाली. एक अलास्कातील डोंगरावर आदळले, एक अटलांटिक महासागरात बुडाले. सुदैवाने त्यांतील माणसे वाचली. उरलेली दोन १७५ दिवसांनी परत सिॲटलला पोहोचली. वाटेत ती आपल्या देशातही आली होती. कलकत्त्यास त्यांच्या खालचे पाण्यावर तरंगणारे तराफे काढून चाके लावण्यात आली, आणि मग अलाहाबाद, अंबाला, मुलतान असे टप्पे घेत ती कराचीकडे गेली. जुन्या विमानातून घडविलेल्या नव्या विमानाने अशा रीतीने सारी पृथ्वी पालथी घातली.

तथापि डग्लसचे खरे कार्य अजून पुढेच होते. त्या काळी प्रवासी विमाने बहुधा लाकडाची व कापडाची असत. १९३१ साली असे एक विमान कॅन्सस प्रांतात कोसळले व आठ माणसे मेली. लाकडी पंखाला आतून ओल लागून त्याचे सांधे सुटले होते. लोकांचा विमानांवरील विश्वास उडाला. तेव्हा टी. डब्ल्यू. ए. या कंपनीने ऑगस्ट १९३२ मध्ये कारखानदारांस पत्रे पाठविली. आम्हांस बारा प्रवाशांचे, तीन इंजिनांचे, संपूर्ण धातूचे विमान हवे, अशी मागणी होती. कंपनीचा सल्लागार चार्ल्स लिंडबर्ग याने तीत एक कठीण अट घातली. पूर्ण भार घेऊन विमान धावत असताना एक इंजिन बंद पडले, तरी ते आमच्या कोणत्याही विमानतळावरून वर चढले पाहिजे.

डग्लस व त्याचे सहकारी यांनी ठरविले की तीन इंजिनांची गरज नाही, आपण दोहोंवरच हे करून दाखवू. दोहोंपैकी एक बंद पडले म्हणजे अर्धे बळ गेले. उरलेल्या अर्ध्या बळावर विमान उंच डोंगराळ प्रदेशातील विमानतळावरून उठेल काय? आर्थर रेमंड नावाचा हुशार अभियंता गणित करीत होता. नव्वद टक्के खात्री आहे, पण राहिलेले दहा टक्के झोप येऊ देत नाहीत, असे त्याने डग्लसला कळविले. ते दहा टक्के डग्लसने स्वतःच्या अंगावर घेतले.

नवे विमान १ जुलै १९३३ रोजी प्रथम उडाले. डग्लसच्या व्यापारी विमानांतील हे पहिले, म्हणून त्याचे नाव ‘डीसी-१’. ते वर जाताच एक इंजिन बंद पडले, आणि लगेच दुसरेही! खाली उभ्या असलेल्या डग्लसच्या मनाची काय अवस्था झाली असेल! वैमानिक कार्ल कव्हर याने घाबरून न जाता नाक खाली केले, तो इंजिने पुन्हा चालू झाली. नाक वर केले की ती पुन्हा बंद. अशा रीतीने थोडे चढत, थोडे उतरत त्याने विमान पुरेशा उंचीवर नेले आणि वळसा घालून सुखरूप जमिनीवर आणले. इंजिने उघडून पाहिली, तेव्हा कारण सापडले. इंधन मोजून सोडणारे तरंगते उलट्या बाजूने बसविले होते, त्यामुळे विमान वर तोंड करताच इंधन तुटत असे. एवढ्याशा चुकीपायी सर्व श्रम धुळीस मिळाले असते.

दोन महिन्यांनी ॲरिझोना प्रांतातील विन्स्लो येथे खरी परीक्षा झाली. हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ४,९०० फूट उंचीवर आहे. तेथील हवा विरळ असते आणि विरळ हवा पंखांस कमी आधार देते. विमान धावपट्टीवरून सुटते न सुटते तोच एक इंजिन मुद्दाम बंद करण्यात आले. विमान किंचित खाली बसले, सावरले, आणि एकाच इंजिनावर डोंगर ओलांडून अल्बुकर्क शहरी जाऊन उतरले.

डीसी-१ जातीचे हे एकच विमान बांधले गेले. त्यास तीन लाख डॉलरांहून अधिक खर्च आला आणि गिऱ्हाइकाने सव्वा लाख दिले. कोणाही व्यापाऱ्याने या सौद्यावर डोके धरले असते. परंतु डग्लसच्या दृष्टीने ते विमान म्हणजे एक साचा होता. त्याचे धड दोन फूट लांब केले, तो आणखी दोन खुर्च्या मावल्या. हे ‘डीसी-२’. ते १९३४ साली निघाले आणि त्याची भराभर विक्री झाली. त्याच वर्षी लंडन ते मेलबर्न अशी विमानांची शर्यत झाली. तीत हॉलंडच्या कंपनीचे डीसी-२ प्रवासी व टपाल घेऊन, आपल्या अलाहाबादेवरून जात, दुसरे आले. पहिले आलेले विमान खास शर्यतीसाठी बांधलेले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या दुसऱ्या क्रमांकाची किंमत कळते.

येथे एक शंका येईल. विमान लांब करायचे म्हणजे मध्ये थोडा भाग घातला, इतकेच ना? त्यात अवघड ते काय? कळमन्याच्या बाजारात पूर्वी येणाऱ्या बैलगाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना याचे उत्तर सहज सुचेल. गाडीत पोती मागे जास्त भरली की गाडी उलार होते, म्हणजे धुरा वर उचलला जातो. पुढे जास्त भरली की सारा भार बैलांच्या मानेवर येतो. आखाच्या दोन्ही बाजूंस भार तोलून ठेवावा लागतो. विमानाचे पंख म्हणजे जणू गाडीचा आख. धड पंखांच्या पुढे वाढविले, तर मागेही त्या प्रमाणात वाढवावे लागते. भार वाढला की अधिक बळाचे इंजिन हवे. इंजिन जड झाले की पंख मजबूत हवेत आणि चाके दणकट हवीत. वेग वाढला की शेपटीचा आकार बदलावा लागतो. एका ठिकाणी केलेला बदल सगळ्या विमानभर फिरतो. म्हणूनच नव्या विमानाइतकेच, किंबहुना कधी कधी त्याहून अधिक, गणित जुन्याच्या नव्या नमुन्यासाठी करावे लागते.

याचा अनुभव डग्लसला लवकरच आला. अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीचा प्रमुख सी. आर. स्मिथ याला रात्रीच्या प्रवासात उतारूंना निजता येईल असे विमान हवे होते. त्याने डग्लसला दूरध्वनी केला. संभाषण इतके लांबले की त्याचेच शेकडो डॉलर झाले. डग्लस प्रथम तयार नव्हता. डीसी-२ ची मागणी पुरविता पुरविता कारखान्याची दमछाक होत होती, आणि आकाशात निजायला कोण येणार, असे त्याला वाटे. अखेर स्मिथचा आग्रह जिंकला. रेमंड आणि स्मिथच्या कंपनीचा अभियंता विल्यम लिटलवुड कामाला लागले.

डीसी-२ चे धड रुंद करून भागेल, बाकी बहुतेक भाग तेच ठेवता येतील, अशी प्रथम कल्पना होती. परंतु धड २६ इंच रुंद करताच वर सांगितलेली साखळी सुरू झाली. पंख लांबले, शेपूट मोठी झाली, इंजिने बदलली, चाकांचे पाय बळकट झाले. शेवटी पाहतात तो जुन्या विमानातले फारच थोडे भाग जसेच्या तसे उरले होते! १७ डिसेंबर १९३५ रोजी हे विमान प्रथम उडाले. त्यात चौदा जणांना निजता येई. पण त्याची खरी थोरवी निजण्यात नव्हती. दिवसाच्या प्रवासासाठी बिछाने काढून खुर्च्या मांडल्या, तेव्हा वाढलेल्या रुंदीचा प्रताप दिसून आला. डीसी-२ मध्ये खुर्च्यांच्या सात ओळी होत्या आणि प्रत्येक ओळीत दोन खुर्च्या होत्या. आता सात ओळींत तीन-तीन खुर्च्या बसल्या. चौदाचे एकवीस झाले, आणि उडविण्याचा खर्च मात्र थोडाच वाढला. तोवर विमान कंपन्या सरकारी टपालाच्या पैशावर जगत असत. केवळ प्रवाशांच्या भाड्यावर नफा मिळवून देणारे पहिले विमान ते हेच ‘डीसी-३’.

यानंतर डग्लसलाही मोह झाला. १९३८ साली त्याने सर्व काही नवे असलेले, चार इंजिनांचे, तीन शेपट्यांचे प्रचंड विमान तयार केले. ते फार गुंतागुंतीचे आणि खर्चाचे निघाले. कंपन्यांनी ते नाकारले व शेवटी ते जपानला विकले गेले. डग्लसने तो आराखडा बाजूस सारून लहान, साधे, मजबूत असे दुसरे चार इंजिनी विमान केले. तेच ‘डीसी-४’ अथवा स्कायमास्टर होय.

इतक्यात दुसरे महायुद्ध पेटले. डीसी-३ ची तळजमीन मजबूत करून व बाजूस मोठा दरवाजा कापून त्यास लष्करी मालवाहू विमान बनविण्यात आले. इंग्रजांनी त्याचे नाव डकोटा ठेवले. अशी दहा हजारांहून अधिक विमाने तयार झाली. आसामातून हिमालयाच्या रांगा ओलांडून चीनला सामान पोहोचविण्याचे बिकट कामही त्यांनी केले. युद्ध संपल्यावर हजारो डकोटा रिकाम्या पडल्या. आपल्याकडे बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात कित्येक लष्करी डकोटांचे पुन्हा प्रवासी विमानांत रूपांतर झाले. अमेरिकेत ज्यास फौजेसाठी बदलले, त्याला भारतीय कारागिरांनी पुन्हा प्रवाशांसाठी बदलले. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी श्रीनगरच्या रक्षणासाठी भारतीय जवान उतरले ते डकोटांतूनच. आणि १९४९ पासून नागपूरच्या रात्रीच्या टपालाचा भारही याच विमानांनी उचलला. पुढे स्कायमास्टर त्यांच्या मदतीस आले. ही सेवा दोन दशकांहून अधिक काळ चालली.

डग्लसच्या आयुष्यातील एक दुःखद प्रकरण येथे सांगितले पाहिजे, कारण ते झाकून ठेवण्यासारखे नाही. डीसी-४ लांब करून आणि त्याचे दरवाजे-खिडक्या हवाबंद करून १९४६ साली ‘डीसी-६’ काढण्यात आले. उंचावर आत ऊब राहावी म्हणून त्यात तापविण्याचे यंत्र बसविले होते. २४ ऑक्टोबर १९४७ रोजी यूटा प्रांतात एका डीसी-६ विमानाने हवेतच पेट घेतला आणि त्यातील ५२ माणसांपैकी एकही वाचले नाही. कारण कळेना. तीन आठवडे गेले नाहीत तोच दुसऱ्या डीसी-६ ला न्यू मेक्सिको प्रांतावर आग लागली. परंतु त्याच्या वैमानिकाने जळते विमान जमिनीवर आणले व सर्व माणसे बचावली. विमान हाती आल्यामुळे दोष उघड झाला. एका टाकीतून दुसऱ्या टाकीत इंधन सोडताना टाकी भरून वाहिली की इंधन बाहेरच्या नळीतून उडे, आणि वाऱ्याबरोबर मागे जाऊन तापयंत्राच्या तोंडात शिरे. टाकी निर्दोष होती, तापयंत्रही निर्दोष होते. दोन्ही एका विमानात कोठे आणि किती अंतरावर ठेवली आहेत, याचा विचार मात्र कोणी केला नव्हता. सर्व डीसी-६ विमाने जमिनीवर उभी करण्यात आली. नळीची जागा बदलून व इतर दुरुस्त्या करून ती १९४८ च्या मार्चपासून पुन्हा उडू लागली. पुढे त्यांनी चांगले नाव मिळविले. त्या ५२ घरांस मात्र त्याचा काय उपयोग?

जेट इंजिनांचे युग आले, तेव्हा डग्लसचे पाऊल थोडे अडखळले. पंख्यांची विमाने अजून उत्तम खपत असताना नव्या वाटेला का जावे, असे त्यास वाटले. दरम्यान बोईंग कंपनीने आपले जेट विमान १९५४ सालीच उडवून दाखविले. डग्लसचे ‘डीसी-८’ १९५८ साली उडाले. ते विमान उत्तम होते, पण बाजार अर्धा हातचा गेला होता. एक गोष्ट मात्र त्याच्या फायद्याची ठरली. डीसी-८ चे पाय उंच होते. विमान उडताना नाक वर करते, तेव्हा लांब विमानाची शेपूट जमिनीला घासण्याचा धोका असतो. पाय उंच असल्यामुळे डीसी-८ ला वाढायला जागा होती, ती बोईंगच्या ७०७ विमानाला नव्हती. १९६६ साली पंखांच्या पुढे २० फूट आणि मागे १६ फूट ८ इंच धड वाढवून नवे डीसी-८ तयार झाले. त्यात २५९ माणसांपर्यंत बसण्याची सोय करता येत असे. लहानशा ‘डीसी-९’ विमानाचेही असेच लांब लांब नमुने निघाले.

पण तोवर डग्लस वृद्ध झाला होता. १९५७ सालीच त्याने कारभार मुलाकडे दिला होता. मागण्या पुष्कळ असूनही विमाने वेळेवर पुरी होईनात आणि पैशाची ओढाताण होऊ लागली. १९६७ साली डग्लसची कंपनी मॅकडोनेल कंपनीत विलीन झाली. न्हाव्याच्या दुकानामागे जन्मलेल्या कंपनीची सूत्रे दुसऱ्याच्या हाती गेली. डग्लसकडे अध्यक्षपदाचा मान तेवढा उरला. १ फेब्रुवारी १९८१ रोजी, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, कॅलिफोर्नियातील पाम स्प्रिंग्ज येथे त्याचे निधन झाले. त्या दिवशीही जगात अनेक ठिकाणी डकोटा विमाने माल आणि माणसे वाहून नेत होती.

१९९७ साली ती जोडकंपनीही बोईंगमध्ये मिसळून गेली. बोईंगने पुढे आपल्या ७८७ विमानाचे धड वीस फूट लांब करून नवा नमुना काढला. त्या लांब विमानात प्रवाशांच्या पायांखालची जमीन ज्या तुळयांवर तोललेली असते, त्या तुळया नागपूरच्या मिहान येथील कारखान्यात तयार होऊन अमेरिकेस गेल्या. मिहानची ही वसाहत सोनेगावच्या विमानतळाला लागूनच आहे. तेथेच मध्यरात्री चार डकोटा आपल्या टपालाच्या थैल्या बदलून घेत असत.